डॉ. मारिया माँटेसरी : मागे राहिलेल्या मुलांची शिक्षिका

बालवर्गात खरखरीत कागदाच्या अक्षरांवरून बोटे फिरवणारी मुले दिसली, की माँटेसरी हा शब्द आपल्या तोंडी सहज येतो. तो आता वर्गाचे नाव होऊन बसला आहे; ज्या विदुषीचे ते आडनाव, ती मात्र विस्मरणात गेली आहे. तिच्या कार्याचा आरंभ शाळेने ज्यांना नाकारले होते अशा मुलांमध्ये झाला, हे तर फार थोड्यांना ठाऊक असते. हीरक महोत्सवाच्या निमित्ताने या चरित्राचे स्मरण करावेसे वाटते.

मारियांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील किआरावाले या गावी झाला. स्त्रियांनी वैद्यकशास्त्र शिकणे समाजाला रुचत नसे, अशा काळात त्यांनी १८९६ साली रोम विद्यापीठाची वैद्यकीय पदवी संपादन केली. विद्यापीठाच्या मनोरुग्ण विभागात काम करताना त्यांना वेड्यांच्या इस्पितळांत ठेवलेली मुले दिसली. त्या काळी त्यांना मंदबुद्धी म्हणत आणि मोठ्या रुग्णांबरोबरच कोंडत. सांगतात, की जेवणानंतर ही मुले जमिनीवरचे पावाचे कण वेचीत आणि देखरेख करणाऱ्या बाईला त्याची किळस येई. मारियांच्या लक्षात वेगळेच आले : त्या खोलीत हाताळावे असे दुसरे काहीच नव्हते. मुलांची भूक पोटाची नव्हती, हातांची व मनाची होती.

इतार आणि सेगँ या फ्रेंच वैद्यांनी अशा मुलांसाठी केलेल्या कार्याचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले. या मुलांचा प्रश्न औषधोपचारापेक्षा शिक्षणाचा आहे, हे मत त्यांनी १८९८ साली तुरीन येथील शिक्षणपरिषदेत मांडले. १९०० साली रोममध्ये अशा मुलांच्या शिक्षकांसाठी विद्यालय निघाले व मारिया त्याच्या संचालिका झाल्या. सकाळी आठपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या स्वतः मुलांना शिकवीत.

तेथे अकरा वर्षांची एक मुलगी होती. अंगात बळ होते. पण दोऱ्याच्या खालून-वरून सुई घालण्याचा साधा रफू तिला काही केल्या जमेना. मारियांनी सुई बाजूला ठेवली आणि तिला कागदी पट्ट्यांची चटई विणायला दिली. पट्टी खालून-वरून ओवण्यात हात तयार झाल्यावर पुन्हा सुई दिली, तेव्हा रफू जमू लागला. त्या मुलीत उणीव होती म्हणण्यापेक्षा तिच्या शिक्षणात मधली एक पायरी नव्हती, हे येथे उघड झाले.

त्यांची काही मुले वाचू-लिहू लागली आणि सर्वसाधारण मुलांबरोबर परीक्षेला बसून उत्तीर्ण झाली. लोकांनी त्याला चमत्कार मानले. मारियांना मात्र वेगळीच चिंता लागली : ही मुले इथवर पोहोचत असतील, तर धडधाकट मुले आपल्या शाळांत एवढ्यावरच का अडखळतात? या प्रश्नातूनच ६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत पहिले बालगृह उघडले.

या यशाला वेदनेची किनार आहे. १८९८ साली विवाहाविना झालेला त्यांचा पुत्र मारिओ लोकापवादाच्या भयाने दुसऱ्या कुटुंबात वाढला. परक्यांच्या मुलांसाठी दिवस वेचणाऱ्या या मातेला स्वतःच्या मुलाचे बालपण लाभले नाही. मारिओ किशोरवयात तिच्याकडे आला आणि पुढे अखेरपर्यंत तिचा सहकारी झाला.

१९३९ साली मायलेक मद्रासजवळ अड्यार येथे आले. १९४० साली इटली युद्धात उतरताच ब्रिटिश सरकारने मारिओंना स्थानबद्ध केले. मारियांच्या सत्तराव्या वाढदिवशी त्यांची सुटका झाली. १९४६ पर्यंत दोघांनी भारतातील शिक्षक घडवले. पण त्यांच्या विचाराचे बीज येथे आधीच रुजले होते. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर आपल्या ताराबाई मोडक ते रुजवीत होत्या. पुढे ताराबाईंनी तो विचार बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी बालकांपर्यंत नेला. मराठी मुलखाबाहेर मराठी शाळा चालवणाऱ्या आपणांस त्यांचे हे उदाहरण विशेष जवळचे आहे.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमध्ये मारियांचे निधन झाले.

इतक्या वर्षांच्या अध्यापनात मीही कित्येक प्रगतिपुस्तकांवर लक्ष देत नाही असा शेरा लिहिला आहे. आज ते शेरे आठवले, की ती अकरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर उभी राहते आणि वाटते, त्या मुलांची कोणती पायरी मी द्यायची विसरले? माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाला असा शेरा मिळाला असेल, तर त्यातील अर्धा दोष शिक्षिकेचा समजावा. पालकांना विनंती एवढीच, की मूल अडले तर शेजारच्या मुलाच्या गुणांकडे पाहण्याआधी त्याच्या हातांकडे पाहावे. सुई जमत नसेल, तर चटईपासून आरंभ करावा.