भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी
भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी ऊर्फ बाळासाहेब (२४ ऑक्टोबर, १८६८ - १३ एप्रिल, १९५१) हे औंध संस्थानाचे अधिपती, चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्काराचे प्रसारक होते. ते १९०९ साली गादीवर आले. कडेगावाच्या शेजारचा कुंडल परिसर याच संस्थानात होता. तेथे त्यांनी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी जागा दिली.

== छंद व कलासंग्रह ==
चित्रकला हा त्यांचा आवडता छंद होता. चित्ररामायणातील चित्रे त्यांनी स्वतः रेखाटली. भांडारकर संस्थेच्या महाभारत प्रकल्पासही त्यांनी साहाय्य केले. सूर्यनमस्कार हा त्यांच्या घरातील नित्यनेम होता. पुढे संस्थानातील शाळांतही ते सक्तीचे झाले. खासगी आवडीतून जमवलेली चित्रे व शिल्पे सर्वांना पाहता यावीत, यासाठी त्यांनी १९३८ साली औंध येथे श्री भवानी संग्रहालय उभारले. त्यात राजा रविवर्म्यांची चित्रे व हेन्‍री मूर यांचे शिल्प आहे.

== अखेरचा काळ ==
१९३५ साली इंदूर येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९३९ साली त्यांनी राज्यकारभार प्रजेच्या हाती सोपवला. १९४८ साली संस्थान विलीन झाले. संग्रह मात्र औंधमध्येच राहिला.