भास्कराचार्य आणि हिल क्लायंबिंग: चुकीच्या टेकडीवर न अडकणारी ‘चक्रवाल’ पद्धत

समजा, जुळे सोलापुरात एका डिलिव्हरी बॉयकडे १० पार्सल आहेत. एक सैफुलला, एक बॉम्बे पार्कला, एक आसरा चौकाच्या पलीकडे, असे १० पत्ते. कोणत्या क्रमाने गेलं तर पेट्रोल सर्वात कमी लागेल? सगळे क्रम तपासू म्हटलं तर ते होतात ३६,२८,८००. पार्सल फक्त १० आहेत बरं का. ११ वं पार्सल आलं की हा आकडा ११ पट होतो.

३६,२८,८०० हे उत्तर इ.स. ११५० मध्ये लिहिलेल्या एका मराठी मातीतल्या पुस्तकात आहे. तिथे पार्सल नाहीत, शंकराचे दहा हात आहेत. दहा हातांत दहा वेगवेगळ्या वस्तू किती प्रकारे धरता येतील, असा तो प्रश्न. पुस्तकाचं नाव ‘लीलावती’, लेखक भास्कराचार्य. हिल क्लायंबिंग, लोकल मॅक्झिमम, ग्रीडी सर्च हे शब्द एआयच्या कोर्समध्ये पहिल्यांदा ऐकून गोंधळ होत असेल, तर या माणसाची गोष्ट वाचा. गोंधळ बराच कमी होईल.

सह्याद्रीच्या कुशीतला गणिती

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. हे साल आपल्याला पक्कं माहीत आहे, कारण त्यांनी स्वतःच ते ग्रंथात नोंदवून ठेवलंय. गावाचं नाव त्यांनी विज्जलविड असं दिलंय आणि ते सह्याद्रीच्या आश्रयाने वसलेलं आहे असं सांगितलंय. हे गाव आजचं कोणतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. काही जण विजापूर म्हणतात. जुळे सोलापूर ज्या विजापूर रोडला लागून आहे, त्याच रोडने सरळ गेलं की येणारं विजापूर! पण घराण्याचा शिलालेख सापडला तो जळगाव जिल्ह्यात, चाळीसगावजवळच्या पाटण इथे. सह्याद्रीचा उल्लेख आणि हा शिलालेख एकत्र धरले तर मला पाटणची बाजू जड वाटते. आपले सिद्धरामेश्वरही त्याच बाराव्या शतकातले, म्हणजे काळ कोणता ते लक्षात येईल.

वडील महेश्वर हे ज्योतिषी आणि विद्वान. भास्कराचार्य शिकले ते त्यांच्याकडेच. वयाच्या ३६ व्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ पूर्ण केला. त्याचे चार भाग: लीलावती (अंकगणित), बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. सगळं श्लोकांत, कारण विद्यार्थ्यांनी पाठ करायचं होतं. श्लोक फार आटोपशीर झाले म्हणून त्यांनी स्वतःच त्यावर गद्य भाष्यही लिहिलं. कोड लिहिणाऱ्यानेच डॉक्युमेंटेशन लिहिलं, हे आमच्या क्षेत्रात आजही क्वचित घडतं. बीजगणितात अज्ञात राशींना त्यांनी यावत्तावत्, कालक (काळा), नीलक (निळा), पीतक (पिवळा) अशी नावं दिली आणि लिहिताना फक्त पहिलं अक्षर वापरलं: या, का, नी, पी. व्हेरिएबलची नावंच ती.

लीलावती ही त्यांची मुलगी, घटिकापात्रात मोती पडला, लग्नाचा मुहूर्त टळला, मग तिच्या समाधानासाठी पुस्तक लिहिलं, ही गोष्ट व्हॉट्सअ‍ॅपवर तुम्ही वाचली असेलच. ती भास्कराचार्यांच्या ग्रंथात नाही. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्याच्या प्रस्तावनेत ती येते. म्हणजे चारशेहून जास्त वर्षांनी. गोष्ट गोड आहे, पण पुरावा म्हणून फॉरवर्ड करू नका.

आता हिल क्लायंबिंग म्हणजे काय ते बघू

आपल्या डिलिव्हरी बॉयला ३६ लाख क्रम तपासायचे नाहीत. तो काय करेल? कोणताही एक क्रम घेईल. त्यातले दोन पत्ते अदलाबदल करून बघेल. अंतर कमी झालं तर नवा क्रम ठेवायचा, नाही तर जुनाच. असं करत राहायचं. कुठलीच अदलाबदल फायद्याची उरली नाही की थांबायचं. झालं, हेच हिल क्लायंबिंग. दाट धुक्यात डोंगर चढण्यासारखं आहे हे: शिखर दिसत नाही, फक्त पायाजवळचं दिसतं, म्हणून जिकडे चढ तिकडे पुढचं पाऊल. (अंतर कमी करायचं असेल तर उलटं, दरीत उतरायचं. युक्ती तीच.)

पटकन होतं, मेमरी जवळपास लागत नाही. पण यात दोन खड्डे आहेत. पहिला आपल्या सोलापूरकरांना लगेच कळेल: माळरान. चारी बाजूंनी सपाट, चढच नाही, मग पाऊल टाकायचं कुठे? याला प्लॅटो म्हणतात. दुसरा जास्त फसवा. तुम्ही छोट्या टेकडीच्या माथ्यावर पोचता. आता कुठेही पाऊल टाका, उतारच. अल्गोरिदम म्हणतो, पोचलो. आणि खरं शिखर मागे धुक्यात उभं असतं. हाच लोकल मॅक्झिमम.

माथ्यावर पोचल्याचं ओळखायचं कसं? चढ शून्य झाला की. ही कल्पना भास्कराचार्यांच्या ग्रहगणितात आणि गोलाध्यायात आहे. चंद्र इतक्या वेगाने सरकतो आणि त्याचा वेग इतका बदलतो, की दिवसभराचा सरासरी वेग घेऊन तिथी संपण्याची वेळ नीट काढता येत नाही. म्हणून त्यांनी तात्कालिक गती, म्हणजे त्या क्षणाची गती काढायची रीत दिली. पुढे, ग्रहाच्या मध्यम आणि स्पष्ट स्थानातला फरक जिथे सर्वात जास्त असतो, तिथे त्या फरकामुळे गतीत होणारा बदल शून्य असतो, हेही त्यांनी सांगितलं. ही जागा त्यांच्या आधीच्या लल्लाचार्यांनी वेगळी सांगितली होती. भास्कराचार्यांनी ती खोडून काढली. आज न्यूरल नेटवर्क ट्रेन करताना ग्रेडियंट शून्याकडे जातोय का ते बघतात, त्यामागची मूळ जाण हीच आहे. न्यूटन-लायब्निझसारखं पूर्ण कॅल्क्युलस त्यांनी उभं केलं असं मात्र म्हणता येणार नाही.

चक्रवाल: आकडा बिघडला तरी पुढे जा

माझ्या मते त्यांचं सगळ्यात भारी काम बीजगणितात आहे. प्रश्न असा: एका पूर्ण संख्येचा वर्ग करा, त्याला ६७ ने गुणा, १ मिळवा. उत्तर पुन्हा पूर्ण वर्ग यायला हवं. ती संख्या कोणती?

१ पासून एकेक तपासत गेलात तर ५,९६७ वेळा आकडेमोड करावी लागेल. चक्रवाल पद्धतीत चार-पाच पायऱ्या पुरतात. करूनच बघू. त्यांचेच शब्द वापरतो: छोटी संख्या कनिष्ठ, मोठी ज्येष्ठ, आणि जो आकडा मिळवावा किंवा वजा करावा लागतो तो क्षेप. क्षेप १ झाला की जिंकलो.

सुरुवातीला कनिष्ठ १ घ्या. ६७ च्या जवळचा वर्ग ६४, म्हणून ज्येष्ठ ८ आणि क्षेप उणे ३.

आता एक गुणक निवडायचा. अट अशी की कनिष्ठ गुणिले गुणक, अधिक ज्येष्ठ, या बेरजेला क्षेपाने पूर्ण भाग जावा. इथे १, ४, ७, १० असे गुणक चालतात. त्यातला ज्याचा वर्ग ६७ ला सर्वात जवळ तो घ्यायचा. ७ चा वर्ग ४९, फरक १८. १० चा वर्ग १००, फरक ३३. म्हणून ७. नवा क्षेप काढायचा तो गुणकाच्या वर्गातून ६७ वजा करून, जुन्या क्षेपाने भागून: उणे १८ भागिले उणे ३, म्हणजे ६. ज्या बेरजेला भाग गेला तिचा भागाकार हा नवा कनिष्ठ: ५. ज्येष्ठ येतो ४१. ताळा करून बघा: ५ चा वर्ग २५, गुणिले ६७ म्हणजे १,६७५, अधिक ६ म्हणजे १,६८१, आणि तो ४१ चा वर्ग.

थांबा, इथे काय झालं ते बघा. आपल्याला क्षेप १ कडे न्यायचाय. होता ३, झाला ६. म्हणजे बिघडला! आणि उपलब्ध गुणकांतला सर्वात चांगला निवडूनही बिघडला. बाकीच्यांनी तर ११, १७, २२ आले असते. साधा हिल क्लायंबिंग इथेच बसकण मारेल: आजूबाजूला ३ पेक्षा चांगलं काही नाही, सबब हेच शिखर.

भास्कराचार्य थांबत नाहीत. पुढचा गुणक ५: कनिष्ठ ११, ज्येष्ठ ९०, क्षेप उणे ७. अजून बिघडला. पुढचा गुणक ९: कनिष्ठ २७, ज्येष्ठ २२१, क्षेप उणे २. आता सुटका जवळ आली. क्षेप २ वर आला की ब्रह्मगुप्तांची (इ.स. ६२८) भावना नावाची जुनी रीत वापरता येते. तीत उत्तराचा त्याच्याशीच संयोग करायचा. मिळतं: कनिष्ठ ५,९६७, ज्येष्ठ ४८,८४२, क्षेप १.

चिन्ह सोडून क्षेपांची रांग लिहा: ३, ६, ७, २, १. टेकडीवरून आधी खाली, मग खऱ्या शिखरावर. प्रत्येक पायरीवर समोरची सर्वात चांगली निवड करायची, पण ती आत्ताच्या जागेपेक्षा चांगली असलीच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. आजचा टॅबू सर्च (फ्रेड ग्लोव्हर, १९८६) असंच करतो: आलेल्या वाटेने लगेच मागे न फिरता, शेजारचा सर्वात चांगला पर्याय घेतो, तो आत्तापेक्षा वाईट असला तरी. सिम्युलेटेड अनीलिंग (कर्कपॅट्रिक, गेलाट आणि वेक्की, १९८३) हाच प्रश्न लोहारासारखा सोडवतो: धातू तापलेला असताना वाईट पावलंही खपवून घ्यायची, गार होत जाईल तसं कडक व्हायचं. आणि सर्वात सोपा उपाय म्हणजे रँडम रीस्टार्ट, वेगवेगळ्या जागांवरून पुन्हा पुन्हा चढून बघणं.

यावरून लगेच एआयचा शोध आपणच लावला असं स्टेटस ठेवू नका. चक्रवाल हा ऑप्टिमायझेशनचा अल्गोरिदम नाही, तो संख्या सिद्धान्तातला (नंबर थिअरी) आहे. मोठा फरक हा की टॅबू सर्च किंवा अनीलिंगमध्ये थोड्या वेळात सर्वात चांगलं उत्तर मिळेलच अशी हमी नसते, चक्रवालमध्ये उत्तर येतंच. ही हमी सिद्ध करण्याचं काम म्हैसूरचे गणिती ए. ए. कृष्णस्वामी अय्यंगार यांनी १९२९-३० च्या सुमारास केलं. आणि पद्धतीचं पूर्ण श्रेय भास्कराचार्यांना देणंही बरोबर नाही: अकराव्या शतकातल्या एका टीकेत जयदेव नावाच्या गणितज्ञाची चक्रवाल पद्धत सापडते. भास्कराचार्यांनी ती स्वच्छ मांडली आणि अवघड उदाहरणांवर चालवून दाखवली.

अवघड म्हणजे किती? ६७ च्या जागी ६१ ठेवा. सर्वात लहान उत्तर: कनिष्ठ २२,६१,५३,९८० आणि ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९. सव्वीस नाही, दोनशे सव्वीस नाही, २२ कोटी! १६५७ मध्ये फ्रान्सच्या फर्मा यांनी नेमका हाच ६१ आव्हान म्हणून दिला. भास्कराचार्यांनी तो पाचशे वर्षं आधी सोडवून ठेवला होता, फर्माला याचा पत्ता नव्हता. पुढे ऑयलर यांच्या चुकीमुळे या समीकरणाला पेल हे नाव चिकटलं, ज्या पेल यांचा त्याच्याशी फारसा संबंध नाही. कोड लिहून ताळा करणार असाल तर एक सूचना: ज्येष्ठ ३२ बिटच्या इंटिजरमध्ये बसतो, पण त्याचा वर्ग केला की ओव्हरफ्लो होतो. ६४ बिटचा घ्या.

तेलाच्या पळीवर चाललेला मठ

भास्कराचार्यांनी ६९ व्या वर्षी, ११८३ मध्ये, ‘करणकुतूहल’ लिहिला. पंचांग करणाऱ्यांना रोजच्या आकडेमोडीसाठी सोपी सूत्रं देणारा हा छोटा ग्रंथ. आजच्या भाषेत लाइट व्हर्जन.

मुलगा लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या दरबारी गेला. नातू चांगदेव राजा सिंघणाचा ज्योतिषी झाला. याच चांगदेवाने पाटणला एक मठ काढला, आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून. १२०७ मध्ये त्या मठाला दान मिळालं आणि त्याचा शिलालेख कोरला गेला. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. भास्कराचार्यांची अनेक पिढ्यांची वंशावळ आपल्याला कळते ती या दगडामुळे.

शिलालेख बराचसा संस्कृतात आहे, पण शेवटी, जिथे पैशाचा व्यवहार येतो, तिथे भाषा जुनी मराठी होते. पाटणच्या बाजारात जो माल विकला जाईल त्यावरचा गिऱ्हाइकाकडून राजाला मिळणारा कर मठाला द्यायचा. आणि गावात जितके तेलाचे घाणे चालतील, त्या प्रत्येक घाण्यामागे एकेक पळी तेलही मठाला द्यायचं.