लॉर्ड बेडन पॉवेल : मुलांवर मुक्काम सोपवणारा माणूस



२२ फेब्रुवारी जवळ आला की स्काउट-गाईडचं पथक असलेल्या शाळांमध्ये एक फोटो कपाटातून बाहेर निघतो. रुंद काठाची टोपी, गळ्यात स्कार्फ, चेहऱ्यावर मिशा. मुलं दोन मिनिटांचं भाषण पाठ करतात. जन्म कधी, मृत्यू कधी, स्काउट चळवळीचे जनक, संपलं भाषण! अशी भाषणं मीही मुलांना लिहून दिली आहेत.

पण काही वर्षांपूर्वी मुलांना घेऊन गडाच्या पायथ्याशी दोन रात्रींचं शिबिर केलं. तंबू आम्ही शिक्षकांनी ठोकले, लाकडं आम्ही आणली, जेवण आचाऱ्याने केलं. मुलं आपली रांगेत बसून. दुसऱ्या दिवशी पाचवीतल्या एका मुलाने विचारलं की आम्ही इथे नेमकं काय करायचं? मला उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर त्या फोटोतल्या माणसाचं चरित्र पहिल्यांदा नीट वाचलं. तेच आज तुमच्यासमोर ठेवत आहे.

जन्म आणि बालपण

रॉबर्ट बेडन पॉवेल यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी लंडनमध्ये झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठात भूमितीचे प्राध्यापक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच १८६० मध्ये ते वारले. घरात बरीच भावंडं, सगळा भार आई हेन्रिएटा यांच्यावर. या आईने मुलांना घरात कोंडून ठेवलं नाही. सुट्टी लागली की मोठ्या भावांबरोबर रॉबर्ट बाहेर पडायचा. कधी छोट्या होडीतून नदीत, कधी शिडाच्या नावेतून समुद्रात. मोठा भाऊ वॉरिंग्टन हा म्होरक्या. धाकट्याच्या वाट्याला भांडी घासणं, स्वयंपाक अशी कामं यायची आणि ती करावीच लागायची.

पुढे तो चार्टरहाउस शाळेत गेला. १८७२ मध्ये ही शाळा लंडनहून गोडाल्मिंग या गावी हलली. नव्या शाळेजवळ एक झाडी होती. तिथे जायला मुलांना बंदी होती, म्हणून रॉबर्टला तिथेच जायचं असे! तिथे तो प्राण्यांच्या मागावर राहायला, सशाला फासात पकडायला आणि धूर होणार नाही असा विस्तव करायला शिकला. धूर दिसला तर शिक्षक पकडतील ना! वर्गात मात्र तो फार चमकला नाही. ऑक्सफर्डमध्ये त्याला प्रवेश मिळाला नाही. पण सैन्याच्या परीक्षेत वरचा क्रमांक आला आणि १८७६ मध्ये वयाच्या १९ व्या वर्षी तो थेट आपल्या देशात, लखनौच्या छावणीत दाखल झाला.

सैनिक बेडन पॉवेल

भारत, अफगाणिस्तान, आफ्रिका अशी त्यांची नोकरी झाली. टेहळणी हा त्यांचा हातखंडा. पुढे मेरठला एका रेजिमेंटचे प्रमुख असताना त्यांनी जवानांना लहान लहान तुकड्यांत शिकवलं. पायाचे ठसे ओळखणं, रात्री दिशा शोधणं, एकट्याने जाऊन बातमी आणणं. मोठ्या रांगेत उभा असलेला माणूस फक्त हुकुमाची वाट बघतो, पण चार-पाच जणांत प्रत्येकाला डोकं चालवावं लागतं, हे त्यांच्या इथे लक्षात आलं. सैनिकांसाठी त्यांनी टेहळणीवर एक छोटं पुस्तक लिहिलं. ते १८९९ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत बोअर युद्ध सुरू झालं. मॅफेकिंग या गावाला वेढा पडला आणि तो २१७ दिवस चालला. आत सैन्य थोडं. तेव्हा गावातल्या मुलांचं एक पथक उभं करण्यात आलं. निरोप पोचवणं, पहारा देणं अशी कामं मुलांकडे आली आणि त्यांनी ती चोख केली. वेढा उठला तेव्हा बेडन पॉवेल इंग्लंडमध्ये हिरो झाले.

इथे थोडं थांबायला हवं. हे युद्ध साम्राज्याचं होतं आणि हा माणूस त्या साम्राज्याचा सैनिक. वेढ्याच्या काळात गावातल्या आफ्रिकी लोकांना गोऱ्यांपेक्षा कमी शिधा मिळाला, भुकेने त्यांचे फार हाल झाले. इतिहासकार आजही त्याबद्दल त्यांना जाब विचारतात. मोठ्या वर्गातल्या मुलांना ही बाजूही सांगायला हवी, असं मला वाटतं.

ब्राउनसी बेटावरचं शिबिर

१९०३ मध्ये इंग्लंडला परतल्यावर त्यांना समजलं की सैनिकांसाठी लिहिलेलं आपलं पुस्तक शिक्षक आणि मुलंच जास्त वाचत आहेत. मग मुलांसाठी वेगळं पुस्तक लिहायचं ठरलं. पण त्याआधी त्यांनी ते करून बघितलं. आपण पाठ घेण्याआधी टाचण काढतो, तसंच.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर पूल नावाचं बंदर आहे. त्या खाडीत ब्राउनसी बेट आहे. १ ऑगस्ट १९०७ पासून आठवडाभर तिथे शिबिर झालं. मुलं वीस-बावीस. निम्मी श्रीमंतांच्या नामांकित शाळांतली, बाकीची पूल आणि बोर्नमथ इथल्या साध्या, कामकरी घरांतली. श्रीमंत मुलांना फी एक पौंड, बाकीच्यांना साडेतीन शिलिंग. तेव्हा एका पौंडात २० शिलिंग असत, म्हणजे फरक केवढा ते बघा. पण बेटावर तंबू सारखा, जेवण सारखं आणि काम सारखं. त्या काळच्या इंग्लंडमध्ये ही साधी गोष्ट नव्हती. बेडन पॉवेल यांचा नऊ वर्षांचा पुतण्या डोनाल्डसुद्धा हरकाम्या म्हणून सोबत होता.

मुलांचे चार संघ केले : लांडगा, बैल, कुरव पक्षी आणि डोमकावळा. प्रत्येक संघाला वेगळ्या रंगाची फीत आणि एक संघनायक. संघात काय चाललंय याची जबाबदारी त्या संघनायकाची. मोठी माणसं मोजकीच होती. सकाळी आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकून बेडन पॉवेल मुलांना उठवत. मग दिवसभर गाठी मारणं, झोपडी उभारणं, चूल पेटवणं, ठसे शोधणं, बुडणाऱ्याला वाचवणं. आधी थोडंसं सांगायचं, मग लगेच करायला लावायचं. रात्री शेकोटीभोवती गोष्टी.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटली ती रात्रीची पाळी. रोज रात्री एक संघ मुख्य शिबिरापासून दूर, ठरवून दिलेल्या जागी मुक्कामाला जायचा. सोबत पीठ, बटाटे, मांस आणि चहा यांचा शिधा. प्रत्येकाकडे कोट, पांघरूण, स्वयंपाकाचं भांडं आणि काड्यापेटी. तिथे पोचून मुलांनीच विस्तव करायचा, मुलांनीच शिजवायचं, मुलांनीच पहारा लावायचा. रात्री अकराच्या आत दुसऱ्या संघांचे नायक आणि स्वतः बेडन पॉवेल अंधारातून लपतछपत येऊन पहारा किती जागा आहे ते बघायचे. मग पहारा उठायचा आणि संघ तिथेच झोपायचा.

यात मुलांना वाऱ्यावर सोडलेलं नाही, हे लक्षात घ्या. जागा मोठ्यांनी ठरवली होती. शिधा मोजून दिला होता. आग कशी करायची ते दिवसा शिकवलं होतं. रात्री एक फेरीही व्हायची. एवढी तयारी करून मग ते बाजूला झाले. आमच्या शिबिरात आम्ही काय केलं? तयारी केली आणि बाजूला व्हायचंच राहिलं.

चळवळ कशी पसरली

जानेवारी १९०८ पासून त्यांचं स्काउटिंग फॉर बॉइज हे पुस्तक दर पंधरवड्याला एक अशा सहा भागांत निघालं. मुलांनी ते वाचलं आणि गल्लोगल्ली आपापले संघ करून मोठ्यांना नायक व्हा म्हणून गळ घातली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसला मेळावा झाला, तेव्हा न बोलावता मुलीही गणवेश करून हजर! त्यातून १९१० मध्ये बहीण अ‍ॅग्नेस यांच्या मदतीने गाईड सुरू झाल्या. त्याच वर्षी त्यांनी सैन्य सोडलं. १९१२ मध्ये ओलेव्ह सोम्स यांच्याशी लग्न झालं. गंमत म्हणजे दोघांचा वाढदिवस एकच, २२ फेब्रुवारी.

१९१२ सालच्या ऑगस्टमध्येच एक दुःखद घटना घडली. शिबिराला निघालेल्या स्काउटांची नाव इंग्लंडमधल्या लेस्डाउन या गावाजवळ अचानक आलेल्या वादळी वाऱ्यात उलटली. नऊ मुलं बुडाली. सगळा देश हळहळला. आनंदाच्या भरात आपण ही बाजू विसरता कामा नये. मुलांवर विश्वास ठेवायचा म्हणजे पाणी, हवामान आणि वाट यांचा विचार मोठ्यांनी दुप्पट करायचा.

भारत आणि बेडन पॉवेल

भारतात १९०९ मध्ये बंगलोरला पहिलं पथक निघालं, पण ते ब्रिटिश आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद. म्हणून अ‍ॅनी बेझंट यांनी वेगळी संघटना काढली, तर पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काउट उभे केले. १९२१ मध्ये बेडन पॉवेल भारतात आले तेव्हा बेझंट यांची संघटना मुख्य संघटनेत सामील झाली. पण १९३७ च्या दिल्ली मेळाव्याच्या सुमारास त्यांनी भारतीयांच्या स्वभावाबद्दल काढलेले उद्गार आपल्या लोकांना झोंबले. अनेकांनी संघटना सोडली आणि १९३८ मध्ये हिंदुस्थान स्काउट असोसिएशन स्थापन झाली. स्वातंत्र्यानंतर, ७ नोव्हेंबर १९५० रोजी सगळ्यांची मिळून भारत स्काउट्स आणि गाईड्स ही संघटना झाली. म्हणजे माणसाचं चुकलं ते आपल्या लोकांनी नाकारलं आणि पद्धत चांगली होती ती ठेवून घेतली.

शेवटचे दिवस

म्हातारपणी ते केनियातल्या न्येरी इथे राहायला गेले. ८ जानेवारी १९४१ रोजी तिथेच त्यांचं निधन झालं. त्यांच्या थडग्याच्या दगडावर एक वर्तुळ आणि मध्ये ठिपका आहे. जंगलातल्या वाटेवर स्काउट जी चिन्हं करतात त्यातलं हे शेवटचं. अर्थ एवढाच, की मी घरी गेलो.

आपण काय करू शकतो?

पुढच्या वर्षी पालकसभेत एका आईने विचारलं की रात्री मुलांजवळ कोण असेल. प्रश्न रास्त होता. आम्ही जागेचा नकाशा, जवळच्या दवाखान्याचं अंतर, शिक्षकांच्या पाळ्या असं सगळं फळ्यावर मांडलं. मगच संमतीपत्रं घेतली. शिबिरात पाच-पाच मुलांचे संघ केले आणि चुली त्यांच्या ताब्यात दिल्या. आम्ही पंधरा पावलांवर बसून राहिलो. हे फार अवघड जातं बरं का! हात शिवशिवतात. एका संघाची खिचडी करपली. त्यांनी वरची वरची काढून खाल्ली आणि पातेलं घासायला अर्धा तास लावला. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांनी आच कमी ठेवली. त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

शिबिराला जाणं लगेच जमत नसेल तर वर्गातच किमचा खेळ घ्या. थाळीत पंधरा-वीस वस्तू ठेवा, एक मिनिट दाखवा, झाका आणि आठवतील तेवढ्या लिहायला सांगा. हा खेळ बेडन पॉवेल यांनी किम या कादंबरीवरून घेतला. तिचे लेखक रुडयार्ड किपलिंग यांचा जन्म आपल्या मुंबईचा! आणि या २२ फेब्रुवारीला भाषणाबरोबर एखादं काम मुलांच्या हातात पूर्णपणे देऊन बघा. काय झालं ते मलाही जरूर कळवा.