पिवळ्या गळ्याची चिमणी
(डॉ. सलीम अली यांची जीवनकथा)

मुलांनो, डिसेंबर महिन्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे लवकर उठा. अंगात स्वेटर घाला, कानांना मफलर बांधा आणि घरातल्या मोठ्या माणसांबरोबर सोलापूर रस्त्याने निघा. हडपसर मागे पडते, मांजरीचा फाटा जातो. लोणी काळभोर येण्याआधी डाव्या हाताला नदीकडे जाणारा रस्ता लागतो. तिथे मुळा-मुठेवर एक जुना दगडी बांध आहे. या जागेला कवडीपाट म्हणतात. सूर्य वर येतो, पाण्यावरचे धुके विरते आणि पक्षी दिसू लागतात.

लांब, लाल पायांचा शेकाट्या उथळ पाण्यात चालत असतो. शेपटी सारखी वरखाली हलवणारा धोबी दगडांवर पळत असतो. चपट्या, रुंद चोचीचा थापट्या पाणी गाळून खात असतो. मधेच केशरी रंगाची बदके दिसतात. मराठीत त्यांना चक्रवाक म्हणतात. उर्दूत आपण त्यांनाच सुर्खाब म्हणतो. एखादा माणूस फार ऐट करू लागला की त्याला काय सुर्खाबची पिसे लागली आहेत का, असे आपण थट्टेने विचारतो. तो सुर्खाब आपल्या हडपसरच्या इतक्या जवळ येतो, हे तुमच्यापैकी कितीजणांना ठाऊक आहे? लडाख, तिबेट आणि मध्य आशियातील थंडी वाढली की हे पक्षी हजारो किलोमीटर उडत दक्षिणेकडे येतात आणि उन्हाळा लागला की परत जातात.

अशा पक्ष्यांना नुसते पाहू नये, तर ओळखावे, त्यांच्या सवयी टिपून ठेवाव्यात, ही गोडी आपल्या देशातल्या असंख्य लोकांना एका माणसाने लावली. त्यांचे नाव डॉ. सलीम अली.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म 12 नोव्हेंबर 1896 रोजी मुंबईत झाला. भावंडांत ते सर्वांत धाकटे होते. ते एक वर्षाचे असताना वडील वारले आणि तीन वर्षांचे असताना आईही गेली. मग मामा अमीरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांनी त्यांना सांभाळले. या दोघांना स्वतःचे मूल नव्हते. गिरगावाजवळच्या खेतवाडीत त्यांचे घर होते. त्या घरात हा पोरका मुलगा मायेने वाढला.

तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण लहानपणी सलीमला शिकारीचा नाद होता. मामांनी त्याला एक छऱ्यांची बंदूक दिली होती. एके दिवशी त्याने एक चिमणी पाडली. ती हातात घेऊन पाहिली, तर तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका होता. रोजच्या चिमणीला असा ठिपका नसतो. मग ही कोणती चिमणी? आणि हिचे मांस आपल्याला खायला चालेल का? त्याने मामांना विचारले. मामांनाही सांगता येईना. मात्र त्यांनी मुलाला गप्प बसवले नाही. ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेचे सभासद होते. 1883 साली स्थापन झालेली ही संस्था प्राणी, पक्षी आणि वनस्पती यांचा अभ्यास करते. मामांनी चिठ्ठी देऊन सलीमला संस्थेचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले.

ही गोष्ट 1908 सालची. राज्य इंग्रजांचे होते आणि सचिवही इंग्रज. बारा वर्षांचा मुलगा मेलेली चिमणी कागदात घेऊन भीत भीत त्यांच्यापुढे उभा राहिला. मिलर्ड यांनी त्याला प्रेमाने जवळ घेतले. ही पीतकंठी चिमणी आहे, असे त्यांनी सांगितले. मग कपाटे उघडून पेंढा भरलेले शेकडो पक्षी दाखवले आणि वाचायला पुस्तकेही दिली. भारतात इतक्या जातींचे पक्षी आहेत, हे त्या दिवशी सलीमला पहिल्यांदा कळले.

एवढे झाले म्हणून पुढचा मार्ग सोपा झाला, असे मात्र नाही. गणिताने त्यांना छळले. कॉलेजचे शिक्षण अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात घरच्या लोकांच्या व्यवसायात गेले. धंद्यापेक्षा तिथल्या जंगलातच त्यांचे मन रमले. परत येऊन त्यांनी मुंबईत व्यापाराचे आणि प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. 1918 साली तहमीना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला. सरकारी प्राणिशास्त्र खात्यात त्यांनी नोकरी मागितली, पण विद्यापीठाची पदवी नसल्याने ती मिळाली नाही. 1926 साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात लोकांना माहिती सांगण्याचे काम मिळाले. पक्षिशास्त्र नीट शिकावे म्हणून ते रजा घेऊन जर्मनीतील बर्लिनला गेले आणि प्राध्यापक स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. 1930 साली परत आले, तर पैशाअभावी त्यांची जागाच रद्द झालेली! वय चौतीस, हातात पदवी नाही आणि नोकरीही नाही.

मुलांनो, अशा वेळी एखादा माणूस निराश होऊन बसला असता. सलीम अली पत्नीबरोबर अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहायला गेले. तिथे झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. सलीम अली झाडाजवळ शिडी लावून, आडोसा करून तासन् तास बसत आणि दिसेल ते वहीत टिपून ठेवत. त्यातून एक नवी गोष्ट जगाला कळली.

मराठीत आपण या पक्ष्याला सुगरण म्हणतो. सुगरण म्हणजे स्वयंपाकात आणि घरकामात कुशल असलेली बाई. पण ते सुंदर घरटे विणतो नर! तो एकाच वेळी पूर्ण घरटे बांधत नाही. अर्धे झाले की थांबतो. माद्या येतात, घरटे आतून-बाहेरून तपासतात. एखादीला ते पसंत पडले, तरच नर ते पुरे करतो. मादी अंडी उबवू लागली की हा पठ्ठ्या शेजारी दुसरे घरटे बांधायला घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावतो. सुगरणीची घरटी लोक पिढ्यान् पिढ्या पाहत होते. पण इतक्या चिकाटीने कोणी पाहिले नव्हते. नोकरी गेली नसती, तर सलीम अलींनाही एवढी सवड मिळाली असती का?

पुढे त्यांनी हैदराबाद, त्रावणकोर, कोचीन, भोपाळ अशा अनेक संस्थानांत हिंडून पक्ष्यांची पाहणी केली. त्या काळी अभ्यासाच्या संग्रहासाठी पक्षी मारावे लागत. सलीम अलींनीही ते केले. तंबूत राहायचे, बैलगाडीने प्रवास करायचा, असे ते दिवस होते. तहमीना बेगम या सर्व कष्टांत त्यांच्याबरोबर होत्या. 1939 साली एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सलीम अलींना हा फार मोठा धक्का होता. ते बहिणीच्या घरी राहू लागले आणि त्यांनी स्वतःला कामाला वाहून घेतले. 1941 साली भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे सचित्र पुस्तक निघाले. ते हातात घेऊन सामान्य माणूसही पक्षी ओळखू लागला. नंतर डिलन रिप्ले यांच्याबरोबर त्यांनी भारतीय उपखंडातील पक्ष्यांवर दहा खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला.

राजस्थानात भरतपूरला एक पाणथळ जागा आहे. संस्थानच्या काळात तिथे पाहुण्यांसाठी बदकांची शिकार होई. 1938 साली व्हाइसरॉयच्या शिकारीत 4,273 पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर ही जमीन आणि पाणी शेतीसाठी द्यावे, अशी मागणी झाली. ती चुकीची होती असे कसे म्हणावे? शेतकऱ्यालाही पाणी हवेच असते. पण ही जागा गेली, तर थंडीत येणाऱ्या हजारो पक्ष्यांनी उतरायचे कोठे? सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंपर्यंत हा प्रश्न नेला आणि पक्ष्यांची जागा वाचली. 1985 साली भरतपूरचे हे उद्यान जागतिक वारसा ठरले.

ज्यांना पदवी नाही म्हणून नोकरी नाकारली गेली, त्यांना 1958 साली अलिगढ मुस्लिम विद्यापीठाने सन्मानाने डॉक्टर केले. त्याच वर्षी पद्मभूषण आणि 1976 साली पद्मविभूषण मिळाले. एका मोठ्या आंतरराष्ट्रीय पुरस्काराच्या रकमेचा बराचसा भाग त्यांनी निसर्गरक्षणासाठी देऊन टाकला. 1985 साली ते राज्यसभेचे सभासद झाले. 20 जून 1987 रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांनी आपल्या आत्मचरित्राला नावही बंदुकीने पाडलेल्या त्या चिमणीवरूनच दिले. तिला ते अखेरपर्यंत विसरले नव्हते.

पुण्यात येरवड्याजवळ मुळा-मुठेच्या काठी पक्ष्यांची एक जागा त्यांच्या नावाने ओळखली जाते. तेच पाणी पुढे मुंढवा, मांजरी करत कवडीपाटला येते. येताना ते शहराचे सांडपाणी आणि आपण फेकलेल्या प्लास्टिकच्या पिशव्याही घेऊन येते. सुर्खाब त्याच पाण्यात उतरतो.

तेव्हा मुलांनो, या हिवाळ्यात एकदा नदीवर जा. दुर्बीण नसली तरी चालेल. भडक कपडे घालू नका, आरडाओरडा करू नका, दगड मारू नका. सोबत एक वही आणि पेन्सिल न्या. तारीख लिहा, पक्ष्याचा रंग, चोच, पाय लिहा. नाव येत नसेल, तर घरी किंवा शाळेत विचारा. आणि मोठ्यांना उत्तर आले नाही, तर सलीमच्या मामांसारखे त्यांनाही आणखी कोणाकडे तरी विचारायला लावा.

स्वाध्याय
1. सलीमला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर मामांना येत नव्हते. तेव्हा त्यांनी काय केले?
2. सुगरण पक्ष्याविषयी सलीम अलींना कोणती नवी गोष्ट कळली?
3. भरतपूरच्या पाण्यावर शेतकऱ्यांचा हक्क की पक्ष्यांचा? तुमचे मत पाच-सहा वाक्यांत लिहा.
4. तुमच्या घराजवळ दिसणाऱ्या पाच पक्ष्यांची मराठी आणि उर्दू नावे लिहा.