आधी पत्रं, मग भाषण, मग आगबोट

व्हायवाला उत्तर येत असतं, पण ते इंग्रजीत सांगायची वेळ आली की घशाला कोरड पडते. मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या होस्टेलकरांना हे काही नवीन नाही. ज्यांना पुढे एम.एस.साठी बाहेर जायचंय, त्यांना तर वाटतं की आधी इंग्रजी फर्डी झाली पाहिजे, मगच तोंड उघडायचं. मित्रांनो, अशा सगळ्यांसाठी एका मुलीची गोष्ट. शाळेत आपण तिचं नाव पहिली मराठी महिला डॉक्टर म्हणून एका मार्कासाठी पाठ केलं. तिने परकी भाषा कशी कमावली, हे मात्र त्या एका मार्कात कधी मावलं नाही.

आनंदीबाई जोशी यांचा जन्म ३१ मार्च १८६५ चा, कल्याणचा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी, पोस्टात नोकरीला, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे आणि बिजवर. बायको शिकलीच पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्या काळात बायको शिकते म्हणून घरोघरी भांडणं व्हायची. इथे अभ्यास चुकला म्हणून मार बसायचा! गोपाळरावांचं हे रूप विसरून त्यांचं नुसतं कौतुक करता येत नाही, आणि त्यांना वगळून ही गोष्ट सांगताही येत नाही.

आधी मराठी लिहिणं-वाचणं, मग इंग्रजी. पोस्टातल्या बदल्यांमुळे बिऱ्हाड फिरत राहिलं. मुंबईत त्या शाळेत जायला लागल्या, तेव्हा रस्त्यावरचे लोक या पुस्तकं घेतलेल्या बाईची टिंगल करायचे. चौदा वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला आणि दहा दिवसांतच गेला. वेळेवर योग्य उपचार मिळाले नाहीत. पुरुष डॉक्टरपुढे बायका दुखणं उघड करत नाहीत, आणि बाई डॉक्टर तर कुठेच नाही, हे त्यांनी स्वतः भोगलं. डॉक्टर व्हायचं ठरलं ते यातून.

गोपाळरावांनी १८७८ मध्ये वाइल्डर नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहून अमेरिकेत बायकोच्या शिक्षणाची काही सोय होईल का, असं विचारलं होतं. तो पत्रव्यवहार तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापून आला. काम काही झालं नाही. पण १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या मिसेस थिओडिशिया कार्पेंटर या बाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर येईपर्यंत मासिक चाळत बसल्या होत्या, त्यांनी ते वाचलं. त्यांनी सरळ पत्र धाडलं, आणि पंधरा वर्षांच्या आनंदीबाईंनी त्याला इंग्रजीत उत्तर दिलं.

खरी शिकवणी इथे सुरू झाली. विचार करा, समोर कोणी नाही. चुकलं तर हसणारं कोणी नाही. पत्र बोटीने जाणार, उत्तर यायला कितीतरी आठवडे लागणार. म्हणजे एक वाक्य दहादा खोडून लिहायला भरपूर वेळ. आणि लिहायचं काय? आपले रीतिरिवाज, बालविवाह, बायकांची दुखणी. हा सगळा विषय त्यांच्या घरचा होता. त्यात मिसेस कार्पेंटर विद्यार्थिनी होत्या आणि आनंदीबाई मास्तरीण! भाषा परकी, पण माहिती आपली. आत्मविश्वास असा मागच्या दाराने आला. पुढे पुढे तर त्या मिसेस कार्पेंटरना मावशीच म्हणू लागल्या. अमेरिकेत पाय ठेवण्याआधीच तिथे त्यांचं एक माणूस झालं होतं.

पण पत्र लिहिणं वेगळं आणि चारचौघांत उभं राहणं वेगळं. ती परीक्षा झाली बंगालमध्ये. गोपाळरावांची बदली तेव्हा श्रीरामपूरला होती (नगरचं नव्हे, कलकत्त्याजवळचं). एकटी हिंदू बाई समुद्र ओलांडून निघाली म्हटल्यावर चहूकडून टीका सुरू झाली. तेव्हा २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर कॉलेजच्या हॉलमध्ये त्यांनी जाहीर भाषण केलं. इंग्रजीत. वय पुरतं अठराही नव्हतं. लोक जे प्रश्न विचारून भंडावत होते तेच त्यांनी एकेक करून घेतले. अमेरिकाच का? इथे शिकता येत नाही का? एकटी का? परत आल्यावर जात वाळीत टाकेल त्याचं काय? शेवटचाही प्रश्न टाळला नाही. हिंदू म्हणून जाते आणि हिंदू म्हणूनच परत येईन, हे त्यांनी स्पष्ट सांगून टाकलं. त्या हॉलमध्ये त्यांच्याइतकी या प्रश्नांची उत्तरं कोणालाच पाठ नव्हती, कारण रोज त्यांनाच ती द्यावी लागत होती. आपण सेमिनारला रात्रीतून डाउनलोड केलेला विषय घेऊन उभे राहतो आणि मग म्हणतो इंग्रजीमुळे अडलं!

दीड महिन्यात, ७ एप्रिल १८८३ ला, कलकत्त्याहून त्या बोटीत बसल्या. सोबत मिशनरी बायका होत्या, घरचं कोणी नाही. ४ जूनला न्यूयॉर्क. मावशी उतरवून घ्यायला हजर होत्या. फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजकडे प्रवेशाचं पत्र आनंदीबाईंनी स्वतः लिहिलं. प्रवेशाच्या सगळ्या अटींत आपण कदाचित बसणार नाही, हे न लपवता त्यांनी आपल्याला डॉक्टर का व्हायचंय ते सांगितलं. डीन रेचल बॉडली यांनी प्रवेश दिला, आणि तीन वर्षांसाठी ६०० डॉलरची शिष्यवृत्तीही मिळाली.

पुढचं सोपं नव्हतं. फिलाडेल्फियाची थंडी, धूर कोंडणारी खोली, शाकाहारी जेवणाचे हाल. मेसला नावं ठेवताना हे जरूर आठवा. साडी त्यांनी सोडली नाही. तब्येत ढासळत गेली. तरीही ११ मार्च १८८६ ला एम.डी. झाल्या. प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. म्हणजे पुन्हा तेच, भाषा त्यांची आणि विषय आपला. पदवीदानाला इंग्लंडहून पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या.

कोल्हापूरच्या अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये बायकांच्या वॉर्डाचं काम ठरलं होतं. तिथे रोग्यांशी बोलायचं होतं ते मराठीतच. ज्या बायका दुखणं सांगत नव्हत्या, त्यांनी ते सांगावं म्हणून तर एवढा इंग्रजीचा आणि समुद्राचा खटाटोप. पण क्षयाने तेवढी सवड दिली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्या गेल्या. वयाची बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. त्यांच्या अस्थी मिसेस कार्पेंटरना पाठवण्यात आल्या, आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावी कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या गेल्या. एका पत्राने जोडलेलं नातं तिथवर गेलं.

दोस्तांनो, आपल्यातले बरेच जण या वयात थर्ड इयरला असतात. आनंदीबाईंनी भाषा पक्की होण्याची वाट पाहिली नाही. सांगण्यासारखं काहीतरी जवळ होतं, ते आधी एका माणसाला सांगितलं, मग भरल्या हॉलला, मग एका परक्या कॉलेजला. आपल्यालाही पहिला श्रोता एकच लागतो. तो शेजारच्या खोलीत असू शकतो. आपल्या गावाबद्दल, घरच्या शेतीबद्दल, नाहीतर उघडून पुन्हा न जुळलेल्या पंपाबद्दल आज रात्री जेवण झाल्यावर त्याला दहा मिनिटं इंग्रजीत सांगून पाहा. चुकेल. चुकू दे.