एक घर पुढे

गेल्या नाताळात मी इंदूरला मावशीकडे गेले होते. राजवाड्यासमोरच्या बागेत, अहिल्याबाईंच्या पुतळ्याजवळ, काकांनी बुद्धिबळाचा पट मांडला. मी पहिलंच प्यादं दोन घरं सरकवलं, तर त्यांनी ते एक घर मागे आणून ठेवलं. देशी डावात प्यादं एकच घर चालतं म्हणे! मला हसू आलं. तेव्हा काकांनी सुलतान खानाची गोष्ट काढली. परत आल्यावर मी मिळेल ते वाचून काढलं.

सुलतान खान पंजाबातल्या मिठ्ठा तिवाना गावचा. वडिलांकडून तो असाच देशी डाव शिकला. पुढे सर उमर हयात खान या बड्या जमीनदाराने त्याला आश्रय दिला आणि विलायती नियम शिकवले. १९२८ साली तो अखिल भारतीय स्पर्धा जिंकला. १९२९ मध्ये मालकाबरोबर इंग्लंडला गेला आणि त्याच वर्षी ब्रिटिश विजेता झाला. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा झाला.

त्याचा सगळ्यात गाजलेला डाव हेस्टिंग्जचा. ही स्पर्धासुद्धा नाताळच्या सुट्टीतच भरायची. १९३०-३१ च्या स्पर्धेत त्याच्यासमोर माजी जगज्जेता कापाब्लांका बसला होता. सुलतान खानाकडे पांढरी मोहरी. कापाब्लांकाने 'क्वीन्स इंडियन' बचाव मांडून एक उंट लांब तिरक्या पट्टीवर बसवला. पाचव्या खेळीला सुलतान खानाने वजिराच्या बाजूचं अगदी कडेचं प्यादं एकच घर पुढे सरकवलं. खेळी साधी दिसते, पण तिने काळ्याच्या दुसऱ्या उंटाची वाट अडवली. मग हळूहळू कोंडी करत, पासष्ट खेळ्यांत त्याने डाव जिंकला.

१९३३ च्या अखेरीस मालक मायदेशी परतला, म्हणून हाही परतला. १९३५ मध्ये आपल्या वि. का. खाडिलकरांशी दहा डाव खेळला; एक बरोबरीत सुटला, बाकी सगळे त्याने जिंकले. त्यानंतर मोठ्या स्पर्धांशी त्याचा संबंध जवळजवळ संपलाच. १९६६ मध्ये तो वारला. मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ मध्ये!

मी स्वतः दात्यांच्या शिष्यवृत्तीवर शिकते, म्हणून हे परतणं मला लागलं. आश्रयामुळेच तो कापाब्लांकापर्यंत पोचला, हे खरंच आहे. पण किती दिवस खेळायचं, हे त्याला कुणी विचारलं असेल का?

पुढच्या नाताळात राजवाड्यासमोर पुन्हा पट मांडू. माझं प्यादं मी एकच घर चालवीन. फक्त ते कुठलं, हे माझं मी ठरवीन.