हात धुवायला सांगणारे डॉक्टर

१ जुलै म्हटलं की आपल्याला कृषिदिन आठवतो. त्या दिवशी वसंतराव नाईक यांची जयंती असते. १९९८ साली याच तारखेला अकोल्यातून वेगळा होऊन आपला वाशीम जिल्हा झाला. आणि याच तारखेला, १८१८ साली, हंगेरी देशातल्या बुडा शहरात एका किराणा दुकानदाराच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचं नाव इग्नाझ सेमेलवाइस. नाव जरा अवघड आहे, मलाही पाठ करावं लागलं. माझी आजी गावची सुईण होती आणि ही गोष्ट बाळंतिणींची आहे, म्हणून मी ती या अंकासाठी निवडली.

सेमेलवाइस घरून निघाले ते वकिली शिकायला, पण व्हिएन्ना शहरात जाऊन झाले डॉक्टर. १८४६ साली तिथल्या फार मोठ्या दवाखान्यात त्यांना बाळंतपणाच्या पहिल्या विभागात काम मिळालं. तिथे असे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टर आणि शिकाऊ विद्यार्थी बाळंतपणं करत, दुसऱ्यात सुईणी. दिवस वाटून दिलेले होते. आज आलेली बाई पहिल्यात, तर उद्या आलेली दुसऱ्यात.

आता नवल ऐका. पहिल्या विभागात शंभरातल्या दहाएक बाया बाळंतज्वराने मरायच्या. सुईणींच्या विभागात तीन-चार. शहरातल्या गरीब बायांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात टाकू नका म्हणून त्या गुडघे टेकून विनवण्या करत. काही तर वाटेतच बाळंत होऊन मग दवाखान्यात येत, आणि त्यांच्यातल्या मात्र पुष्कळ जणी वाचत. शिकलेल्या डॉक्टरांपेक्षा रस्ता बरा, असं झालं होतं!

सेमेलवाइसांना झोप लागेना. दोन्ही विभागांत हवा तीच, अन्न जवळपास तेच. मग फरक कुठे? मरणाऱ्या बाईसाठी पाद्री यायचे तेव्हा पुढे घंटा वाजायची. तिच्या भीतीने बाया मरत असतील, म्हणून त्यांनी घंटा बंद करवली. काही फरक पडला नाही. सुईणी बायांना कुशीवर निजवत, डॉक्टर पाठीवर. तेही बदलून पाहिलं. तरी मरण काही थांबेना.

मग मार्च १८४७ मध्ये त्यांचे स्नेही प्राध्यापक कोलेच्का वारले. प्रेताची चिरफाड शिकवताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. सेमेलवाइसांनी त्यांच्या आजाराची हकीकत वाचली, तर ती हुबेहूब बाळंतज्वरासारखी निघाली. तेव्हा त्यांच्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टर आणि विद्यार्थी सकाळी प्रेतं फाडत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत. सुईणी प्रेताला हात लावत नसत. हात साबणाने धुतलेले असत, दिसायला स्वच्छ. पण वास जात नसे. म्हणजे काहीतरी हाताला राहूनच जायचं.

मला सगळ्यात अवघड वाटलं ते यापुढचं. स्वतः सेमेलवाइसच रोज सकाळी सगळ्यात मन लावून प्रेतं तपासत होते, आजाराचं कारण सापडावं म्हणून. म्हणजे ज्या बायांना वाचवायला ते धडपडत होते, त्यांच्यातल्या कित्येकींना त्यांच्याच हातांनी मरण पोचवलं होतं. त्यांनी हे लपवलं नाही, पुढे पुस्तकात उघड लिहिलं. दुसऱ्याची चूक सांगणं सोपं असतं हो.

मे १८४७ मध्ये त्यांनी दारात क्लोरीनच्या पाण्याचं भांडं ठेवलं. त्यात हात धुतल्याशिवाय कुणी बाईला शिवायचं नाही. पुढे त्यासाठी स्वस्त असलेली चुन्याची क्लोरीन पावडर वापरली. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल टाकतो ना, त्याच जातीची. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बाया मेल्या होत्या. जूनमध्ये दोन. जुलैमध्ये एखादीच.

तुम्हांला वाटेल त्यांचा सत्कार झाला असेल. कुठला सत्कार! आमच्या हाताने माणसं मरतात म्हणता काय, म्हणून मोठमोठे डॉक्टर रागावले. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा सिद्ध व्हायचं होतं. पाश्चर यांनी ते पुढे दाखवलं. १८४९ साली सेमेलवाइसांची नोकरी गेली, १८५० साली ते हंगेरीला परतले. तिथेही त्यांनी दवाखान्यात हात धुवायला लावून बाया वाचवल्या. पण मला वाटतं त्यांचंही थोडं चुकलं. त्यांनी सगळं नीट मांडून लिहायला १८६१ साल उजाडवलं आणि नंतर न ऐकणाऱ्या डॉक्टरांना खुनी म्हणून जाहीर पत्रं लिहिली. गणिताचं उत्तर बरोबर येऊनही रीत न लिहिल्यामुळे माझे गुण कापले गेले होते, ते मला आठवलं.

१८६५ साली त्यांना वेड्यांच्या दवाखान्यात ठेवलं. पंधरवड्यातच, १३ ऑगस्टला, जखम चिघळून ते वारले. वय अवघं ४७. त्याच्या आदल्याच दिवशी ग्लासगोमध्ये लिस्टर नावाच्या डॉक्टरांनी एका मुलाची जखम पहिल्यांदा कार्बोलिक औषधाने बांधली होती. त्याच वर्षी ३१ मार्चला आपल्या आनंदीबाई जोशी जन्मल्या. त्यांचं पहिलं बाळ दहाच दिवसांत गेलं होतं. पुढे अमेरिकेत डॉक्टर होताना त्यांनी निबंधाला बाळंतपणाचाच विषय घेतला.

ही गोष्ट मी आजीला वाचून दाखवली. सुईणींचा विभाग चांगला होता हे ऐकून ती खूश झाली. सरकारी दाई प्रशिक्षणात तिला पाच स्वच्छता शिकवल्या होत्या, त्यात एक हातांची. पण गोष्ट संपल्यावर ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली की प्रशिक्षणाच्या आधी तिच्या हातून बाळंत झालेली एक बाई सहाव्या दिवशी तापाने गेली होती. लोक म्हणाले, बाहेरचं लागलं. आजीनेही तसंच मानलं होतं. त्या दिवशी ती शेणाची कामं करून घाईघाईने गेली होती आणि हात नुसते लुगड्याला पुसले होते. इतक्या वर्षांत हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, अंकात लिहू का? ती म्हणाली, लिही पोरी.

(इयत्ता ७ वी)